टॉवेलाखालचा कल

पोपट मेटकरीचा उजवा हात पंचेचाळीस वर्षांत एकदाही सरळ बोलला नव्हता, आणि त्याबद्दल चार तालुक्यांत त्या हाताला मान होता.

पोपट हेडी होता, म्हणजे बैलबाजारातला दलाल. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे तो उभा राहायचा, खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकायचा आणि टॉवेलाखाली समोरच्याची बोटं धरायचा. एक बोट दाबलं की एक, चार धरली की चार, सबंध मूठ म्हणजे पाच, आणि नुसता पसरलेला तळहात म्हणजे काही नाही, निघा. वर तोंडानं मात्र दोघंही भलतंच बोलत असायचे: पाऊस, पाहुणे, कुणाच्या पोराचं लग्न. भोवती पन्नास माणसं उभी, त्यांना टॉवेल हलताना दिसायचा, बाकी काही नाही. विनाचालक ट्रॅक्टर आले, बैल शर्यतीपुरते नि हौसेपुरते उरले, मोबाइलवर बोली लागायला लागली. पण खरा देखणा खिलार अजून टॉवेलाखालीच विकला जायचा. पोपटने एकदा एका गिऱ्हाइकाला त्याचाच बैल परत विकला आणि गिऱ्हाईक पेढे वाटत घरी गेलं, असं लोक सांगत. पोपटची बायको शालन म्हणायची, उगीच वाढवून सांगू नका, पेढे नव्हते, जिलेबी होती.

त्या हातावर आज मिरजेजवळच्या एका संशोधन केंद्रात हातमोजा चढवला होता. काचेच्या अलीकडं बाकावर शालन बसली होती आणि ती नवऱ्याच्या हाताकडं नाही, पायाकडं बघत होती.

हातमोजा कशासाठी, ते इथं सांगायला हवं. दहा-बारा वर्षांपूर्वी डॉ. नीलोफर मुजावर याच केंद्रात कर्करोगाच्या एका औषधाचा अभ्यास करत होत्या. गाठ सारखी, औषध सारखं, डोस सारखा. तरी एकाची गाठ विरघळायची आणि दुसऱ्याची जागची हलायची नाही. रक्त तपासलं, जनुकं तपासली, जेवणातलं मीठसुद्धा मोजलं. उत्तर सापडलं ते एका फॉर्ममध्ये, जो सगळे भरून घेतात आणि कुणीच वाचत नाही: ‘तुम्हाला हाच उपचार हवा होता का?’ ज्यांना मनातून हवा होता, त्यांच्या अंगातल्या लढाऊ पेशी गाठीच्या आत शिरल्या होत्या. ज्यांच्यावर तो लेकांनी, सुनांनी नाहीतर डॉक्टरांनी लादला होता, त्यांच्या पेशी गाठीभोवती गर्दी करून नुसत्या उभ्या होत्या, आमंत्रण नसलेले पाहुणे मांडवाबाहेर घुटमळावेत तशा.

कारण पुढं उलगडलं. मनाविरुद्धचा निर्णय घेऊन माणूस जगत असला की त्याच्या अंगात ताणाची रसायनं थेंब थेंब पाझरत राहतात. लढाऊ पेशींच्या अंगावर ती रसायनं पकडणारे बारीक आकडे असतात. आकड्यात रसायन अडकलं की पेशी सुस्तावते, दारापर्यंत जाते आणि उंबरा ओलांडत नाही. म्हणजे औषधाइतकाच माणसाचा कल महत्त्वाचा. पण कल ओळखायचा कसा? तोंडाला विचारून उपयोग नव्हता. आपल्याकडं आजारी माणसाला ‘तुम्हाला काय हवं’ म्हणून विचारलं तर तो आधी बायकोकडं बघतो, मग लेकाकडं, मग छताकडं, आणि म्हणतो, ‘तुम्ही म्हणाल तसं.’

म्हणून मुजावरबाईंनी बोटांना विचारायचं ठरवलं. कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ हातमोजा, समोर पडद्यावर दोन चित्रं, एकावर बोट ठेवायचं. पेरू की सीताफळ? खिडकीची जागा की दाराजवळची? अशा दोनशे जोड्या, आणि हळूहळू त्यांत वीस खरे प्रश्न मिसळायचे: आजचा त्रास की पुढची वर्षं? घर की दवाखाना? बोटाचा दाब, घाम आणि पापणी लवण्याहूनही लहान अशी अडखळ, यांतून यंत्र कल काढायचं. त्यावर कलपत्र मिळायचं आणि कायदाच झाला, की कलपत्राशिवाय कर्करोगाचा उपचार सुरू करायचा नाही.

मग व्हायचं तेच झालं. दोन वर्षांत स्थळ बघायला आलेली माणसं पोह्यांच्या आधी पिशवीतून हातमोजा काढायला लागली. इस्लामपुरात एक साखरपुडा पेरू-सीताफळावरून मोडला. एका उमेदवाराने जाहीर सभेत हातमोजा घातला आणि यंत्राने सांगितलं, की ह्यांना निवडून यायचंच नाहीये, झोपायचंय. तो निवडून आला, ते वेगळं.

पोपटला आतड्याचा कर्करोग होता. उपचार दोन. रुग्णांनी त्यांना नावं पाडली होती: थोरला आणि धाकटा. थोरला म्हणजे सलाइनमधून बारा डोस, पंधरा दिवसांनी एक. गाठ मुळासकट जायची आशा, माणूस पुढं दहा-पंधरा वर्षं चालायचा. पण बोटांच्या टोकांची जाण जायची, बऱ्याचदा कायमची. धाकटा म्हणजे रोज एक गोळी. बोटं शाबूत, पण गाठ नुसती दाव्याला बांधल्यासारखी राहणार. दोन वर्षं, फार तर तीन.

शालनला पोपट जगायला हवा होता. ह्यात कल काढण्यासारखं काही नव्हतं.

आणि म्हणूनच ती पायाकडं बघत होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी चार तालुक्यांत कुणालाच नव्हती. पोपटचा हात काहीही बोलो, एखादा बैल त्याला मनापासून आवडला की त्याच्या डाव्या पायाचा अंगठा जमीन उकरायला लागतो. केंद्रात चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. आत पडद्यावर थोरल्या उपचाराचं चित्र आलं, पोपटचं बोट झटकन तिकडं गेलं, अंगठा मात्र दगडासारखा. धाकट्याचं चित्र आलं, बोटाने ढुंकून पाहिलं नाही, आणि अंगठ्याने फरशी उकरायला सुरुवात केली.

शालनने पदर तोंडाला लावला.

“अभिनंदन काका,” अर्ध्या तासाने डॉ. मुजावर म्हणाल्या. “इतका स्वच्छ कल मी वर्षभरात पाहिला नव्हता. थोरला उपचार, एकोणीस विरुद्ध एक. सोमवारी पहिला डोस.”

पोपट मिशीत हसला. ते हसणं शालनच्या ओळखीचं होतं. लंगडा बैल खपला की तो असा हसायचा.

परतीच्या बॅटरीवाल्या एसटीत कवठेमहांकाळपर्यंत तिचा हात खिडकीवरच होता. एकदा खिडकी उघडली, एकदा लावली, परत उघडली.

“वारं हवंय का नको, ठरीव एकदा,” पोपट म्हणाला.

“तुमी ठरवलं का?”

“मी काय ठरवायचं? मशीननं ठरवलं न्हवं?”

“मशीनला काय सांगितलं तुमी?”

“मी कुठं काय सांगितलं? हातानं सांगितलं.” मग त्याला राहवेना. “पर शालन, भारी मशीन हाय बग. दोनशे डाव टाकले तिनं. एकदाबी माझा अंदाज लागू दिला न्हाई मी.”

“अवो, ती काय बैल घ्यायला आली होती व्हय?”

पोपटने बाहेर बघितलं. द्राक्षांच्या बागा मागं पळत होत्या. मग तो हळू म्हणाला, “सवय हाय गं. समोरनं कुणी बोट धरलं की हात झाकूनच घेतो. मी न्हाई करत, हात करतो.”

पुढचे तीन दिवस शालनने घरातलं एकही काम एकदाच केलं नाही. घासलेलं पातेलं परत घासलं, भरलेली घागर ओतून परत भरली. पुण्याहून मुलीचा, मयुरीचा फोन आला.

“आई, कलपत्र आलंय ना थोरल्याचं? मग गप्प बस. अप्पा वाचतील.”

“पर ते त्यांच्या मनातलं न्हाई, मयू. मी अंगठा बगितला.”

“अंगठा! आई, एकोणीस विरुद्ध एक आहे ते. कोट्यवधींचं यंत्र आहे.”

“आन मनात नसताना दिलं तर औषध लागत न्हाई म्हणत्यात ना?”

मयुरी बारीक आवाजात म्हणाली, “तुला ते हवेत ना पण?”

ह्या प्रश्नाने शालनचे पाय अंगणात, परड्यात आणि पुन्हा अंगणात फिरले. गप्प बसलं तर थोरला मिळेल, पण पोपटच्या पेशी मांडवाबाहेर उभ्या राहतील आणि बोटं जातील ती फुकटच. बोललं तर धाकटा मिळेल आणि तीन वर्षांनी ती एकटी असेल. गप्प बसण्यात आशा होती आणि ती खोटी होती. बोलण्यात खरेपणा होता आणि त्यात पोपट नव्हता.

शुक्रवारी बाबू शिकलगार आला, डाळिंबं घेऊन. तोही हेडी. बाजारात पोपटच्या समोरच्या बाजूने टॉवेलाखाली हात घालण्यात त्याचा जन्म गेला होता. पोपट न्हाणीत होता तेवढ्यात शालनने त्याला विचारून घेतलं.

“बाबूभावजी, ह्यांचा हात जे म्हणतो त्याच्या उलटं धरायचं का?”

“वैनी,” बाबू डोळे मिटून म्हणाला, “पयली दहा वर्सं मी उलटंच धरत होतो. निम्मा बाजार माझ्यावर हसला. मग कळलं, हा बाबा मधीच सरळ बी बोलतो, उलटं धरणाऱ्याला आडवा करायला.”

“मग तुमी काय करता?”

“मी आता त्याचा हात धरतो आन देवाचं नाव घेतो.”

त्या हातावर पहिला हक्क शालनचाच होता खरं तर. नव्या नवरीच्या दिवसांत पोपट अजून धंदा शिकतच होता आणि सराव तिच्या बोटांवर करायचा. दोन खोल्या, आठ माणसं, सासूचे डोळे चहूकडं. ताट देताघेताना, दोर धरताना, तो तिची बोटं दाबायचा: दोन म्हणजे दोन दिवसांनी बाजारातून परत येतो. आणि करंगळी धरली तर आकडा नव्हे, ‘थांब जरा, जाऊ नको’. पुढं सासू गेली, खोल्या वाढल्या, मोठ्याने बोलायची सोय झाली आणि ती बोली बंद पडली. तीस वर्षांत तिची आठवणही निघाली नव्हती.

सोमवारी सुईवाली नर्स पोपटची शीर शोधत होती, तेव्हा शालन उठली.

“थांबा. ह्यांनी मशीनला फसवलंय.”

“शालन!” पोपट गुरकावला.

“फसवलंय. डॉक्टरबाई, ह्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडं बगा, हाताकडं न्हवं.” आणि तिने सगळं सांगून टाकलं.

डॉ. मुजावर हसल्या नाहीत. त्यांचे वडील मिरजेच्या बाजारात बकऱ्यांचा व्यापार करायचे, टॉवेल त्यांनी लहानपणी खालून पाहिला होता. त्यांनी डोस थांबवला आणि पोपटला पुन्हा हातमोज्यापुढं बसवलं. ह्या वेळी धाकटा, अठरा विरुद्ध दोन. दुपारी तिसऱ्यांदा बसवलं. दहा विरुद्ध दहा.

“मग अंगठ्यालाच मोजा घालूया,” डॉक्टर म्हणाल्या.

पण अंगठ्याचं गुपित पोपटने आता ऐकलं होतं. बेचाळीस वर्षं मोकळा फिरलेला तो अंगठा एका तासात धंदा शिकला. दोनशे जोड्या झाल्या, तो वेशीवरच्या वीरगळासारखा उभाच्या उभा. जाता जाता मात्र चहाचं चित्र आलं तेव्हा जरा हलला, एवढंच.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काका, हे बाजारातलं नाही. ह्या चार निकालांवर मी कलपत्र देऊ शकत नाही. कलपत्र नाही तर थोरला नाही आणि धाकटाही नाही. आणि महिन्याभरात गाठ यकृतापर्यंत जाईल. मग कशाचाच उपयोग नाही.”

पोपटच्या मिशा पहिल्यांदा खाली आल्या.

“आता फसवत न्हाई हो मी,” तो म्हणाला. “आईची आण. खरं सांगायला बसतो, बोट पुढं येतं आन मधीच वळतं. पंचेचाळीस वर्सं दुसऱ्याच्या बैलांचे सौदे केले. मला काय हवं, हे कुणी टॉवेलाखाली विचारलंच न्हाई कधी. मला बी ठावं न्हाई आता.”

“हा हात कुणाशी खरं बोलत असेल की!” डॉक्टर वैतागून म्हणाल्या. “एका तरी माणसाशी!”

शालन दोनदा उठली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा उठली ती सरळ पोपटपाशी गेली, त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि आपल्या हातावर टाकला.

“अगं ए! बाईमाणसानं हात घालायचा नसतो टॉवेलाखाली.”

“तुमी शिकला कुणाच्या हातावर?”

पोपटने निमूट हात पुढं केला. हातमोजा अजून हातावर होता, डॉक्टरांनी नर्सला खूण करून यंत्र चालूच ठेवलं. पडद्यावरची रेघ पावसातल्या बेडकासारखी उड्या मारत होती.

“डाळिंबावर यंदा तेल्या रोग लई पडला,” पोपट म्हणाला, कारण टॉवेलाखाली हात गेला की काहीतरी बोलायला हवं.

“व्हय. दगडूनं बाग काढली म्हणं,” शालन म्हणाली, आणि खाली त्याची मूठ दोनदा दाबून वर दोन बोटं धरली. बारा. सगळे डोस.

पोपटने तळहात पसरला. एकही नाही.

“अख्खी काढली?”

“बोअरजवळची थोडी ठेवली.” दहा.

“तिथं काय उरलंय? खोडं नुसती.” दोन.

“खोडाला बी फुटवा येतो की.” नऊ.

“दगडूला घाई फार.” तीन.

“घाई न्हाई केली तर रान जातं हातचं.” नऊ, पुन्हा नऊ, आणि तिने इतकं जोरात दाबलं की पोपट कळवळला.

मग तो थांबला. तोंडाने बोलायचाही थांबला. हे बाजारात कधी झालं नव्हतं. टॉवेल हलेना. शालनला वाटलं, सौदा मोडला. तेवढ्यात त्याच्या बोटांनी तिची करंगळी शोधली आणि धरली. दाबली नाही. नुसती धरून ठेवली.

आकडा नव्हता तो.

आठ माणसं, दोन खोल्या, ताट पुढं करणारी सासू, सगळं शालनच्या डोळ्यांपुढून गेलं. ती समजत होती, हा बैलांसाठी बोटं राखतोय. बैल कुठले आलेत आता! सुन्न बोटांनी करंगळी धरता येत नाही, एवढंच म्हणणं होतं त्याचं, आणि ते सांगायला ह्या शहाण्याला बेचाळीस वर्षं, एक यंत्र आणि एक रोग लागला होता.

तिने डोळे पुसले नाहीत. टॉवेल दोन्ही हातांवर होता. सावकाश तिने त्याची चार बोटं धरली आणि सोडली.

“किती?” तिने मोठ्याने विचारलं.

“चार. पर आकडा उघड बोलायचा नस...”

“मी कुठं हेडी हाय? मी बोलणार.” ती डॉक्टरांकडं वळली. “थोरला घ्यायचा. पर बाराचं बंधन न्हाई. दर डोसाच्या आधी मी टॉवेलाखाली आकडा देणार. ह्यांना बोटांनी ओळखता आला तर डोस. ज्या दिवशी चुकतील, त्या दिवशी थोरला बंद, धाकटी गोळी सुरू. मान्य हाय का वो?”

पोपटने तिच्याकडं बघितलं, मग छताकडं, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ न म्हणता तो म्हणाला, “मान्य.”

पडद्यावरची रेघ आडवी झाली होती. सकाळपासून पहिल्यांदाच, सपाट आणि शांत, उन्हात वाळत घातलेल्या दोरीसारखी. डॉ. मुजावर त्या रेघेकडं बघत राहिल्या. बारा वर्षं त्या माणसांच्या आत दडलेला कल खणून काढत होत्या. हा आत नव्हताच. तो आत्ता, त्यांच्या डोळ्यांसमोर, टॉवेलाखाली दोघांनी मिळून तयार केला होता. कलपत्राच्या फॉर्ममध्ये थोरल्यापुढं एक चौकोन होता, धाकट्यापुढं एक. डॉक्टरांनी सर्वांत खाली ‘इतर’ असं लिहिलेल्या ओळीवर पेनने सगळा सौदा लिहिला आणि सही केली.

पहिल्या डोसाला शालनने सात दिले. पोपट म्हणाला, सात. दुसऱ्याला तीन, तीन. तिसऱ्याला तिने मुद्दाम नऊ दिले आणि तो म्हणाला, “नऊ, आन नखं काप जरा.” गाठ निम्मी झाली. केंद्रातली शिकाऊ पोरं सौदा बघायला दारात गर्दी करायला लागली. चौथ्याला तो जरा थांबला, बोटं चाचपडली, मग म्हणाला, “दोन,” आणि ते दोनच होते.

पाचव्याच्या आदल्या दिवशी शालनने चुलीवरून उतरवलेला चहा त्याच्या हातात दिला. पितळी पेला, कडकडीत. पोपटने तो धरला आणि बाबूची काहीतरी गंमत सांगत बसला. पेल्याला हात लावायची सोय नव्हती, आणि हा आरामात धरून बसला होता. शालनने पेला काढून घेतला. चारही बोटांची टोकं लाल झाली होती.

“निवला हाय जरासा,” पोपट म्हणाला.

“व्हय,” शालन म्हणाली.

पाचव्या डोसाच्या सकाळी एसटीत तिने खिडकी किती वेळा उघडली ते कंडक्टरने मोजलं असेल. सौदा सौदा असतो. आकडा द्यायचा, हा चुकणार, औषध बंद. गाठ आता चिंचोक्याएवढी उरली होती. आणि चिंचोक्यातूनही झाड होतं. पण शब्द तिचाच होता, डॉक्टरांनी पेनने लिहून घेतलेला.

टॉवेल पडला. “पाऊस लांबला,” पोपट म्हणाला. “लांबला खरा,” शालन म्हणाली, आणि तिने त्याची चार बोटं धरली. पहिल्या दिवशीची. सौद्याची.

पोपटला काही कळलं नाही, हे तिला कळलं. त्याची बोटं तिच्या हातात चिंध्यांसारखी पडली होती. त्याने तिच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ, बैलाचे दात बघावेत तसं.

“चार,” तो म्हणाला.

सहाव्यालाही चार. सातव्यालाही. घरी दोघंही ह्याविषयी बोलले नाहीत. शर्टाची बटणं आता शालन लावायची आणि तो लावताना तिला विचारायचा, “पाऊस कवा पडायचा म्हणतीस?”

आठव्या डोसाला डॉ. मुजावर आल्या त्या पडद्यावरचे आकडे वाचूनच. हातमोजा बोटांची जाणही मोजायचा, आणि पाचव्यापासून तिथं शून्य होतं. शालनने टॉवेल काढला तशी डॉक्टर म्हणाल्या, “मावशी, आज मी देते आकडा.”

शालनच्या हातातून टॉवेल सुटला. पोपटने तो उचलायला हात घातला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा दोन तळव्यांत धरून त्याने तो डॉक्टरांच्या हातावर टाकला.

“अब्बांकडून शिकलात का?” त्याने विचारलं.

“अब्बा फार कमी बोलायचे,” डॉक्टर म्हणाल्या. “यंदा डाळिंबं कशी आहेत, काका?”

“डाळिंबं...” पोपट म्हणाला आणि पुढं काही सुचलं नाही.

टॉवेलाखाली डॉक्टरांनी त्याची तीन बोटं धरली. नीट, एकेक करून, दाबून. शालनला बाजूने टॉवेलाच्या घडीखालून दिसत होतं: तीन. तिने ओठ घट्ट मिटले. ती बोलली असती तर सौदा मोडला असता, आणि नाही बोलली तरी मोडणारच होता.

पोपटने डॉक्टरांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं त्याला काही वाचता येईना. त्याने शालनकडं बघितलं. तिच्या तोंडावर तर काय सगळा बाजार भरला होता.

“चार,” पोपट म्हणाला. मग घाईने, आवाज चढवून, चार तालुक्यांत कधी कुणापुढं केली नव्हती अशी अजिजी करत, “चारच हायत, डॉक्टरबाई. चार.”

डॉ. मुजावर यांनी पडद्याकडं बघितलं नाही. त्यांनी मान खाली घातली. फरशीवर पोपटचा डावा अंगठा, सगळा धंदा विसरून, जीव तोडून जमीन उकरत होता.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला, टॉवेलाची घडी घातली आणि पोपटच्या खांद्यावर ठेवली.

“बरोबर,” त्या नर्सला म्हणाल्या. “चार. आठवा डोस लावा.”